पावसावर आमचाही हक्क आहे

मागच्या आषाढ पौर्णिमेची गोष्ट. शिरड शहापूरच्या आमच्या वस्तीतील विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू झाले होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची पहिली काही पाने वाचून होतात न होतात तोच पाऊस आला. पत्र्यावर असा आवाज की वाचणाऱ्याचा शब्द शेजारच्याला ऐकू येईना. मग लाईट गेली. वाचन थांबले आणि गप्पा सुरू झाल्या. पुण्यात एका कंपनीत कामाला असलेला वस्तीतला एक तरुण सुट्टीवर आला होता. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. रात्रीचा पाऊस, ओला डांबरी रस्ता, त्यात सांडलेले दिव्यांचे रंग, पुलावरून हळूहळू सरकणाऱ्या गाड्या आणि मागे कुठलेसे हिंदी गाणे. “दादा, शहरातला पाऊस लई भारी असतो. आपल्याकडं नुस्ता चिखल,” तो म्हणाला.

शेजारी एक आजी बसल्या होत्या. नवऱ्यामागे मुंबईला जाऊन त्यांनी पंधरा-वीस वर्षे तिथे काढली होती. त्या म्हणाल्या, “तू पुलावरून पाह्यलास लेकरा. म्या पुलाखालून पाह्यला. मला नको सांगू शहरातला पाऊस.”

दोघेही आमच्याकडे बघायला लागले. एम.ए. झालेला माणूस म्हणजे निकाल देणारा, असा वस्तीचा समज असतो. आम्ही त्या रात्री निकाल दिला नाही. लाईट आली, वाचन पुन्हा सुरू झाले, प्रश्न तसाच राहिला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, थोडे उशिरा दिलेले.

दरवर्षी जून लागला की पावसाच्या सौंदर्याचा एक ठरलेला साचा आपल्यासमोर येतो. खिडकी, वाफाळता चहा, कांदाभजी, मरीन ड्राइव्हवर उसळणाऱ्या लाटा, पहिल्या पावसाचा मृद्गंध. वर्तमानपत्राच्या पुरवण्यांपासून व्हॉट्सॲपच्या स्टेटसपर्यंत तेच. आणि चळवळीतील तरुणांचे त्याला दिलेले उत्तरही आता ठरलेले आहे : तुमचा पाऊस खिडकीतला, आमचा पाऊस गळक्या छपराचा. आम्हीही असे भरपूर लिहिले, भाषणांत बोललो, टाळ्या घेतल्या. ते खोटे नव्हते. पण ते अर्धेच खरे होते, असे आम्हाला आता वाटते. अर्धे खरे घेऊन चळवळ फार लांब जात नाही. म्हणून उरलेला अर्धा भाग तपासून बघणे गरजेचे आहे.

आधी आमचा स्वतःचा पाऊस सांगतो. शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातले मोठे गाव, औंढ्याहून वसमतला जाणाऱ्या रस्त्यावरचे. बाहेरच्या लोकांना ते मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे माहीत असते. गावठाण उंचावर आणि आमची वस्ती उताराला. हा योगायोग नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात पावसाचे पाणी कोणत्या बाजूला वाहते ते बघा, महारवाडा आणि मांगवाडा कुठे होता ते कुणाला विचारावे लागणार नाही. गावाने वापरलेले पाणी आणि गावावर पडलेले पाणी, दोन्ही आमच्या दारावरून जात असे.

आमच्या लहानपणी पावसाची चाहूल आम्हाला ढगांवरून लागत नसे, मायच्या हालचालीवरून लागत असे. ती भगुणे, तांब्या, ताट असे एकेक भांडे गळतीखाली मांडायला लागली की समजायचे. कोणती गळती कुठे आहे हे तिला अंधारातही पाठ होते. दप्तर ठेवायला एकच कोरडी जागा होती, ज्वारीच्या पिठाचा पत्र्याचा डबा. पीठ काढून गाडग्यात जायचे आणि आमची पुस्तके डब्यात जायची. शाळेत आमच्या वह्यांना पिठाचा वास यायचा, त्यावरून पोरे हसायची. आज आम्हाला त्या हसण्याचे काही वाटत नाही. पोरांची पुस्तके कोरडी राहावीत म्हणून पीठ ओले होऊ देणारी आई ही काय चीज असते, ते त्या हसणाऱ्यांना कळणे शक्य नव्हते.

आमच्या आजीला मात्र पाऊस सहनच होत नसे. ढग गडगडले की ती दाराची कडी लावायची. आम्हाला ते म्हातारपणाचे भय वाटायचे. कारण पुढे कळले. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ते दिवस ऐन पावसाळ्याचे होते. तेव्हा हिंगोली जिल्हा अस्तित्वात नव्हता, १ मे १९९९ पर्यंत आपण परभणी जिल्ह्यातच होतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला ४ ऑगस्टला पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. आजी तेव्हा एका लहान खेड्यात होती. ती सांगायची की वस्तीतल्या बायकांनी लेकरांना घेऊन कमरेएवढ्या ज्वारीत दोन रात्री काढल्या. वरून पाऊस, खाली चिखल, आणि लेकरू रडू नये म्हणून त्याच्या तोंडावर हात. पाऊस आला म्हणजे ती रात्र परत येत असे. ज्या माणसाच्या आठवणीत पाऊस असा साठलेला आहे, त्याला मृद्गंधाचे कौतुक सांगणे हा त्याचा अपमान आहे.

आजीच्या तोंडून आणखी एक गोष्ट आम्ही अनेकदा ऐकली. तिच्या तरुणपणी एकदा शेतातून येताना गारा पडायला लागल्या. वाटेत एका वाड्याची लांबलचक ओसरी होती. ओसरीत दोन बैल बांधलेले होते, बाकी जागा रिकामी. आजी आणि तिच्यासोबतच्या बायका समोरच्या लिंबाखाली उभ्या राहिल्या, डोक्यावर रिकाम्या पाट्या धरून. ओसरीवर कुणी चढू नका म्हणाले नव्हते. म्हणायची गरजच नव्हती.

ही गोष्ट डोक्यात घेऊन आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करायला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. तिथला पहिला मोठा पाऊस आम्हाला अजून जसाच्या तसा आठवतो. संध्याकाळची वेळ, आम्ही पायी चाललो होतो आणि अचानक कोसळायला लागला. रस्त्यावरची सगळी माणसे धावत एका दुकानाच्या पत्र्याच्या शेडखाली शिरली. एक सूटबुटातला माणूस, हातगाडीवर केळी विकणारा, बुरखा घेतलेल्या दोन मुली, एक पोलीस, कॉलेजची पोरे आणि आम्ही. जागा इतकी कमी की खांद्याला खांदा लागलेला. केळीवाल्याच्या गाडीवर पाणी पडत होते म्हणून सूटवाल्यानेच ती आत ओढली. पंधरा-वीस मिनिटे आम्ही तसेच उभे होतो आणि एकानेही दुसऱ्याला नाव, गाव, आडनाव विचारले नाही. समोर दिवे लागले होते आणि त्यांचा पिवळा-लाल उजेड पाण्यात हलत होता. आम्हाला तो रस्ता फार सुंदर वाटला. आयुष्यात प्रथमच आम्ही पाऊस बघत होतो. त्याआधी आम्ही तो फक्त निस्तरत होतो.

बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात का फटकारले, आणि आपल्या माणसांनी शहराची वाट का धरली, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. कळले मात्र त्या शेडखाली. ओसरी आणि शेड यांच्यातला फरक हाच खेडे आणि शहर यांच्यातला फरक होता. पाऊस पडला की खेडे आपापल्या घरात जाते आणि ज्याची त्याची जागा पक्की होते. शहर मात्र पावसात अनोळखी माणसांना एका छपराखाली ढकलते. शहराचे जे सौंदर्य म्हणतात ते नुसत्या दिव्यांचे आणि इमारतींचे नसते. न विचारता मिळालेल्या त्या वीतभर जागेचेही असते.

त्या वर्षी आम्ही नागसेनवनात आणि विद्यापीठाच्या परिसरात भरपूर भिजलो. बाबासाहेबांनी जून १९५० मध्ये सुरू केलेले ते महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालेली इमारतीची पायाभरणी, हे सगळे आपल्याला पाठ असते. पण पावसात धुऊन निघालेली नागसेनवनातली झाडे आणि विद्यापीठामागच्या डोंगरावर उतरलेले ढग बघायला आपल्याला कुणी सांगत नाही. त्या डोंगरातच औरंगाबादच्या बौद्ध लेण्या आहेत. लेणीच्या ओसरीत उभे राहून आम्ही खाली पसरलेले शहर पावसात पुसट होताना आणि पुन्हा उघडताना बघितले आहे.

पण शहराचे हे वचन एका ठिकाणी मोडले. वसतिगृहाची मुदत संपल्यावर आम्ही भाड्याची खोली शोधायला लागलो. दिवस जूनचेच होते. उंचावरच्या, पक्क्या रस्त्याच्या वसाहतींमध्ये खोली रिकामी असायची, भाडे ठरायचे आणि मग शेवटचा प्रश्न यायचा, “आडनाव काय म्हणालात?” त्यानंतर खोली कालच गेलेली असायची. चार-पाच ठिकाणी असे झाले. अखेर खोली मिळाली ती नाल्याच्या काठावर, आपल्याच माणसांच्या वस्तीत. जुलैच्या एका रात्री नाला घरात आला. गुडघाभर काळ्या पाण्यात आम्ही नोट्स शोधत होतो. पहिल्या सत्रापासूनच्या नोट्सचा लगदा झाला होता आणि आमच्याकडे पिठाचा डबाही नव्हता. ज्या शहराने शेडखाली आडनाव विचारले नाही, त्याच शहराने घराच्या दारात ते विचारले होते. आणि आडनावावरून पत्ता ठरला होता, पत्त्यावरून पाणी.

तेव्हापासून आमचे असे मत झाले आहे की शहराचा खरा नकाशा नगररचनेच्या कार्यालयात मिळत नाही, तो पाऊस काढून दाखवतो. उन्हाळ्यात सगळे शहर सारखेच दिसते. जुलैत कळते की कोण उंचावर आहे आणि कोण खोलात, कोण डोंगराच्या पायथ्याशी भिंतीला टेकून राहते आणि कोण नाल्याच्या कडेला. एखाद्या अभ्यासकाने घरोघर फिरून जी माहिती वर्षभरात गोळा करावी, ती पाऊस एका रात्रीत समोर मांडतो.

मुंबईचे उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. हा फरक निसर्गाचा होता, त्याचा दोष कुणाला देता येणार नाही. पण पुढचा भाग माणसांचा आहे. १९८५ च्या पुरानंतर मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल आला. ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणाऱ्या जुन्या व्यवस्थेची क्षमता ताशी ५० मिलिमीटर करा, असे त्याचे सांगणे होते. अहवाल पडून राहिला. शेकडो माणसे मेल्यावर, बारा वर्षांनी, त्याची धूळ झटकली गेली.

१२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसे गेली. २ जुलै २०१९ च्या पहाटेपूर्वी मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत वस्तीवर कोसळली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारतनगरात पुन्हा भिंतच कोसळली. या तिन्ही तारखा पावसाळ्यातल्या आहेत, तिन्ही ठिकाणी मेलेली माणसे झोपलेली किंवा आपल्या घराच्या आसपास होती. यांना ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हटले जाते. पाऊस नैसर्गिक आहे, मान्य. पण भिंतीखालची जागा सोडून दुसरीकडे राहण्याची ऐपत नसणे नैसर्गिक कसे? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून गेलेली आपली हजारो माणसे मुंबई-पुण्यात कुठे वसली? जी जागा कुणालाच नको होती तिथे. आमच्या विहारातल्या आजींनी पाऊस पुलाखालून पाहिला, तो का, याचे उत्तर इथे आहे.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि ओढ्याकाठच्या वस्त्या बुडाल्या. २४ जून २०२१ रोजी त्याच ओढ्याकाठी, दांडेकर पुलाजवळची घरे पाडायला यंत्रे आली. महिना जूनचा, वर कोरोनाचा काळ. ओढा सरळ करण्यासाठी हे आवश्यक आहे असे सांगण्यात आले. ओढा सरळ झाला पाहिजे, कुणाचा विरोध नाही. पण शहर सुंदर करायचे ठरते तेव्हा पहिली कुदळ नेहमी एकाच प्रकारच्या घरावर का पडते, एवढेच आम्ही विचारतो.

आता शहराच्या त्या ओल्या, चमकत्या रस्त्याकडे पुन्हा एकदा बघू. तो चमकतो, कारण त्याच्याखालची गटारे वाहती असतात. ती कोण वाहती ठेवतो? मे महिन्यात ‘नालेसफाई’चे फोटो छापून येतात, त्यात अधिकारी काठावर असतात आणि आत उतरलेल्याचे नाव बातमीत नसते. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा व्यापक कायदा २०१३ चा. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यायला सांगितले, २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली याचा अर्थ माणसे मरायची थांबली नव्हती. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईच्या पावसात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. सारा महाराष्ट्र हळहळला आणि हळहळायलाच हवे होते. पण त्याच गटारांत, पाऊस नसतानाही, पोटासाठी उतरून गुदमरलेल्या किती माणसांची नावे आपल्याला सांगता येतील? चळवळीतल्या आपल्यालाही येणार नाहीत.

इथवर आम्ही जे मांडले ते आमच्या वाचकांना नवे नाही. प्रश्न पुढचा आहे. एवढे सगळे असताना पाऊस सुंदर आहे असे म्हणायचे की नाही? आमचे अनेक कार्यकर्ते मित्र म्हणतात, नाही. सौंदर्य ही भरल्या पोटाची गोष्ट आहे, आपण संघर्षाचे बोलावे. आम्हीही असेच म्हणत होतो. पण यात एक फसगत आहे. गावाने आम्हाला पाणवठा नाकारला तेव्हा आम्ही ‘आम्हाला पाणी नकोच’ असे म्हटले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. नाकारलेल्या गोष्टीवर हक्क सांगणे ही आपली परंपरा आहे, तिच्याकडे पाठ फिरवणे ही नव्हे. मग पावसाच्या सौंदर्याच्या बाबतीतच आपण ‘ते तुमचे, तुम्हालाच राहू द्या’ असे का म्हणतो? ज्याने आपल्याला खिडकी दिली नाही, त्यालाच आपण खिडकीबाहेरचा पाऊसही देऊन टाकतो आहोत. हा त्याग नव्हे, ही माघार आहे.

शिवाय पाऊस आणि धम्म यांचे नाते आपल्याइतके जवळचे दुसऱ्या कुणाचे असेल? वर्षावास म्हणजे काय? पावसाळ्यात भिक्खू चालत राहिले तर कोवळे अंकुर तुडवले जातात, लहान जीव मरतात, अशी लोकांची तक्रार आली, म्हणून तथागतांनी संघाला पावसाचे महिने एका जागी राहायला सांगितले, असे विनयात आहे. गवताच्या पात्यासाठी थांबणारी ही संस्कृती आहे. तथागतांचे वीसहून अधिक वर्षावास एकट्या श्रावस्तीत झाले. श्रावस्ती तेव्हाचे मोठे शहर, आणि जेतवन त्या शहराला लागून. म्हणजे पाऊस, शहर आणि विहार ही जोडी आजची नाही. आणि त्या संघात उपाली नावाचा न्हावी होता, झाडलोट करणारा सुनीत होता. पावसात कोरड्या जागी बसण्याचा हक्क त्यांनाही इतरांइतकाच होता.

ज्यांना मुंबईचा पाऊस बघायचा आहे त्यांना आम्ही मरीन ड्राइव्हच्या आधी बोरिवलीची कान्हेरी लेणी बघायला सांगतो. शंभराहून अधिक लेण्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झालेल्या. आजच्या मुंबईवर पडतो तोच पाऊस तिथेही पडत होता. त्या लोकांनी काय केले? डोंगरावर पडणारे पाणी दगडात कोरलेल्या पन्हळींनी वळवले, लेण्यांपाशी टाकी कोरली. तिथल्या शिलालेखांत त्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. जे पाणी एरवी घर बुडवते, तेच त्यांनी वर्षभर पिण्यासाठी साठवले. आणि अनेक लेण्यांच्या ओसरीत दगडी बाके कोरली आहेत. आम्ही एका जुलैत त्यातल्या एका बाकावर तासभर बसलो होतो. समोर पाण्याच्या धारा, खाली जंगल, लांबवर पावसात हरवलेल्या इमारती. पाठ दगडाला टेकलेली, पाय कोरडे. आधी पाण्याची वाट आणि मग बसायची जागा, हा क्रम त्या लोकांना माहीत होता. आजच्या शहराने तो क्रम उलटा केला आहे. आधी नदीकाठचे सुशोभीकरण, मग जमल्यास गटार.

बाबासाहेबांनी तरी काय केले? परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या खोलीतून ते निघाले आणि १९३० च्या दशकात दादरला ‘राजगृह’ बांधले, मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. पिठाच्या डब्यात पुस्तके ठेवून मोठे झालेल्या आम्हाला त्या घराचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पुस्तके कोरडी राहतील असे घर हवे, आणि त्या घराला नाव बुद्धाच्या काळातल्या शहराचे हवे.

आता आपल्या गावाकडे येऊ. शिरड शहापूरही आता निमशहरी होत चालले आहे. रस्त्याकडेला दुकाने वाढली, सिमेंटचे रस्ते झाले. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला हिंगोली, परभणी, नांदेड या जिल्ह्यांना पावसाने झोडपले, तेव्हा या नव्या विकासाची परीक्षा झाली. आमच्या वस्तीत वर्षभरापूर्वी सिमेंटचा रस्ता झाला होता. हार, नारळ, फोटो सगळे झाले होते. पण जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर टाकल्यामुळे रस्ता उंबऱ्यापेक्षा वीतभर उंच झाला आणि बाजूची नाली कागदावर राहिली. जी घरे आधी फक्त वरून गळत होती त्यांच्यात आता दारातूनही पाणी शिरले. वस्ती सुधारण्यासाठी आलेल्या निधीने वस्ती बुडाली. करणाऱ्यांना विचारले तर म्हणाले, रस्ता तर तुम्हीच मागितला होता. खरे आहे. आम्ही रस्ता मागितला होता. उतार मागायचा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हते.

म्हणून तरुण मित्रांना आमची विनंती आहे. येत्या पावसाळ्यात रील जरूर काढा, पण त्याच मोबाईलने आणखी एक काम करा. आपल्या वस्तीत पाणी कुठून येते, कुठे थांबते, कोणत्या घरात किती वेळ आणि किती उंचीपर्यंत राहते, याचे तारखेसह फोटो काढा. भिंतीवर जिथवर पाणी चढले तिथे खडूने खूण करा. गाव असेल तर ग्रामसभेत आणि शहर असेल तर वॉर्डात तो नकाशा घेऊन जा. ‘आमच्याकडे लक्ष द्या’ असा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो. ‘या तारखेला या बावीस घरांत एवढे पाणी, कारण नालीचा उतार उलटा’ हा अर्ज बाजूला ठेवणे अवघड जाते. रस्त्याच्या कामाआधी अंदाजपत्रक मागा, त्यात नाली आहे का आणि रस्त्याची उंची किती ते बघा. नाल्यात उतरणाऱ्या कामगाराला बूट, हातमोजे, यंत्र आहे का ते उभे राहून विचारा. हेही आंबेडकरी काम आहे.

आणि हे करत असताना पाऊस बघायला विसरू नका. वसमतकडे जाताना पावसानंतरच्या हळदीच्या शेतांवर जो हिरवा रंग चढतो तो बघा. ओल्या आभाळाखाली मंदिराचे शिखर आणि विहारावरचा पंचशील ध्वज एकाच वेळी धुऊन निघालेले बघा. त्याचा आनंद घेतल्याने आपला राग कमी होत नाही. उलट हे आपल्या आजीला का बघता आले नाही, हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

विहारातल्या त्या तरुणाला आमचे उत्तर एवढेच : तू पुलावरून जे पाहिलेस ते खरोखर सुंदर आहे, त्याची लाज बाळगू नकोस. फक्त पुलाखाली कोण आहे ते वाकून बघ. आणि आजींना सांगायचे आहे की तुमचा पाऊस आम्ही विसरणार नाही, पण तुमच्या नातवंडांना तोच पाऊस द्यायचा नाही.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली. त्याआधी वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून विहाराच्या पत्र्याच्या फटी बुजवल्या होत्या आणि पूर्वेच्या भिंतीत एक खिडकी बसवली होती. काम साधेच, लोखंडी गजांची खिडकी. सांगतेच्या दिवशी परतीच्या पावसाची एक सर आली. आजी सवयीने दारापासून आत सरकल्या. मग थोड्या वेळाने उठून खिडकीपाशी जाऊन बसल्या. वाचन चालूच होते.

जयभीम! नमो बुद्धाय!